नाईटला आरएमओंच्या (ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या) वर जाऊन कन्सल्टंटना (मोठ्या सरांना) फोन केला, आता लेखी खुलासा मागितलाय. काय लिहू?

झोप_उडालेली_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) झालेली, गोव्यात डिचोली तालुक्यातली, एका खाजगी हॉस्पिटलात मेल मेडिकल वॉर्डात स्टाफ आहे. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

चतुर्थीच्या तोंडावरचे दिवस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, अर्धा स्टाफ रजेवर, वॉर्ड फुल्ल आणि निम्म्याहून जास्त डेंग्यू. त्यात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, वेर्ण्याला कंपनीत कामाला, एनएस१ (डेंग्यूची टेस्ट) पॉझिटिव्ह, तापाचा पाचवा दिवस. संध्याकाळी त्याचा ताप उतरला. आई एकदम खूश, मला विचारते, "ताप देंवलो मगो सिस्टर, चवथीक घरा पावतलो न्ही?" मलाही ओव्हर (ड्युटीचा चार्ज) देताना हेच सांगितलं की बेड ७ स्टेबल, उद्या डिस्चार्ज बघणार. तेव्हा बीपी ११२/७०, पल्स ९२, श्वास १८.

रात्री दीडला राऊंड मारत होते तर हा जागाच. सारखा कूस बदलतोय, चादर ओढतोय, परत ढकलतोय, पोटात दुखतं म्हणाला. मनगट धरलं तर हात गार आणि ओलसर. बीपी १००/८२ आलं, मशीनवर भरवसा नाही म्हणून हाताने परत घेतलं तर तेच. पल्स ११२, श्वास २२, सॅच्युरेशन ९७, ताप ९७.५. आईला विचारलं लघवीला कधी गेला होता, तर म्हणे आठ वाजता जेवणाआधी.

आरएमओंना फोन केला, ते कॅज्युअल्टीत होते. सगळं सांगितलं. "बीपी शंभर आहे ना? प्लेटलेट ६२ हजार आहेत, ब्लीडिंग नाही, ऑब्झर्व्ह कर." मी विचारलं सीबीसी (रक्ततपासणी) रिपीट पाठवू का, हो म्हणाले. रिपोर्ट आला तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) सकाळी ४१ होतं ते ५०. परत फोन. "सकाळी राऊंडला बघू, सारखे फोन करू नकोस." मी म्हटलं सर, मग मी मोठ्या सरांना कळवते. "कर काय करायचं ते." म्हणून केला. मोठ्या सरांनी फोनवरच फ्लुइडची ऑर्डर दिली, अर्ध्या तासात स्वतः आले आणि पहाटे १०८ बोलावून त्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिफ्ट केलं. मुलगा आता बरा आहे, त्याच्या आईचा फोन आला होता.

आणि मला काय मिळालं, तर इन्चार्जनी बोलावून सांगितलं की चॅनल मोडलंस, तीन दिवसांत लेखी खुलासा दे. मोठे सर काही बोलले नाहीत, ना माझ्या बाजूने ना विरुद्ध. पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या रात्री माझ्याबरोबर दोघी नवीन जॉइन झालेल्या मुली होत्या, त्यातली एक मला म्हणते, "ताई, मी असते तर ऑब्झर्व्ह लिहून गप्प बसले असते, मेमो कोणाला हवाय."

तर खुलासा कसा लिहू? आणि ह्या मुलींना काय सांगू, ते पण सांगा.

---

आयसीयूतला_ब्रदर

खुलासा कसला मागतात, पेढे द्यायला हवे होते. बीपी १००/८२ म्हणजे वरचं आणि खालचं यात फरक फक्त १८. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याच्या खाली आला की शॉक सुरू झाला समजायचं, वरचा आकडा शंभर असो नाहीतर एकशे दहा. आरएमओंनी फक्त वरचा आकडा ऐकला.

मी असतो तर फोनबिन नंतर, आधी आरएल (सलाईन) फुल ओपन केलं असतं आणि मग काय ती बोलणी खाल्ली असती. हात गार पडलेला पेशंट समोर ठेवून फोनवर वाद घालत बसायचं हे मला नाही जमत.

---

नोकरी_सांभाळ

ताई तुमचं बरोबरच होतं, पण खाजगीत आहात हे विसरू नका. तिथे बरोबर असण्याचा पगार मिळत नाही. 'गैरसमजातून घडले, यापुढे काळजी घेईन' अशा दोन ओळी लिहा आणि विषय संपवा. भांडून काय होणार, पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये सगळ्या नाईट तुमच्याच नावावर.

---

फोंड्याची_मॅट्रन

मी सरकारी नोकरीतून रिटायर झालेली, वॉर्ड सिस्टर होते, मग मॅट्रन म्हणून बरीच वर्षं काढली. आधी वरच्या दोघांना बोलते मग तुला.

आयसीयूवाल्या ब्रदर, तुझी तळमळ कळते रे बाबा, पण पोरींना हे शिकवू नको. ऑर्डर नसताना फ्लुइड फुल ओपन करणं हे आपलं काम नव्हे. आणि डेंग्यूत तर मुळीच नव्हे, कारण त्यात पाणी कमी पडून माणूस जातो तसा जास्त होऊनही जातो. अशा पेशंटला सुरुवातीला तासाला किलोमागे ५ ते १० मिली असा हिशोब असतो, म्हणजे साठ किलोच्या पोराला पहिल्या तासात ३०० ते ६००, आणि मग हिमॅटोक्रिट, बीपी, लघवी बघून कमी करत आणायचं. जाड कॅन्युलातून पाचशेची बाटली फुल सोडलीस तर किती वेळात आत जाते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एक-दोन दिवसांनी तेच गळालेलं पाणी रक्तात परत फिरतं, तेव्हा छातीत भरून दम लागलेले पेशंट मी बघितलेत. तू आयसीयूत आहेस, तिथे मॉनिटर आहे, डॉक्टर हाकेवर आहे. ही वॉर्डात एकटी, सोबत दोन नवीन पोरी.

आणि 'गैरसमजातून घडले' असं लिहायला सांगणाऱ्या भावाला, नको रे बाबा. गैरसमज झालाच नव्हता तर लिहायचा कशाला? उद्या तोच कागद फायलीत राहतो आणि पुढच्या वेळी काही झालं की पहिला तोच काढतात.

आता तुला, बाय. दोनदा आरएमओला सांगितलंस, तिसऱ्यांदा वर जाण्याआधी त्यालाच सांगितलंस की मी वर कळवते. चॅनल म्हणतात ते हेच, तू ते चढून गेलीस, मोडलं कुठे? मागच्या दाराने गेली असतीस, त्याला न सांगता परस्पर फोन केला असतास, तर इन्चार्जच्या बोलण्यात थोडा तरी अर्थ होता.

खुलाशात फक्त वेळ आणि घडलेलं लिही. १:३० ला काय बघितलंस, आकडे जसेच्या तसे. कितीला कोणाला फोन केलास, काय सांगितलंस, काय उत्तर आलं. रिपोर्ट कितीला आला. परत कितीला फोन. मोठ्या सरांना कितीला, त्यांनी काय ऑर्डर दिली, फ्लुइड कितीला सुरू केलं. संपलं. 'आरएमओंनी दुर्लक्ष केले', 'उद्धटपणे बोलले' असं एक अक्षर नको. ते वाचणाऱ्याला आकड्यांवरून आपोआप कळतं आणि तुझ्या तोंडून आलं की ते भांडण होतं. शेवटी एकच वाक्य लिही, की अशा वेळी नर्सने कोणाला, किती वेळात आणि कुठल्या क्रमाने कळवायचं याची लेखी पद्धत वॉर्डात मिळावी. ही मागणी कागदावर आली की चेंडू त्यांच्याकडे.

एक विचारते, फोनवरची ऑर्डर लिहून घेतल्यावर सरांना परत वाचून दाखवलीस ना? आणि ते आले तेव्हा त्यावर सही घेतलीस ना? नसेल तर आजच्या आज बघ, त्याशिवाय खुलासा देऊ नको. केसपेपरचे फोटो मात्र मोबाईलवर काढून ठेवू नकोस, त्यातून दुसरंच लचांड मागे लागेल.

---

झोप_उडालेली_सिस्टर

मॅडम, वाचून दाखवली होती, दुसऱ्या स्टाफला स्पीकरवर ऐकवली पण होती, आणि सर आल्या आल्या सही घेतली. तेवढं आमच्या ट्यूटरनी डोक्यात हातोड्याने ठोकलेलं आहे 😀

---

पेडण्याचा_दादा

मी ह्या क्षेत्रातला नाही, सहज वाचत होतो. एक शंका आहे, रागावू नका. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात भावाला डेंग्यू झाला तेव्हा सगळे प्लेटलेटच बघत होते, रोज रिपोर्ट आला की वाड्यावर फोन फिरायचे, पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, काय काय दिलं, म्हापशाच्या बाजारात किवी महाग झाली ती आमच्यामुळेच बहुतेक. भावाचे ३५ हजारांवर गेले होते तरी डॉक्टर शांत होते. मग इथे ६२ हजार असून एवढी धावपळ का? आणि ताप उतरला म्हणजे बरा झाला असंच ना?

---

नर्सिंग_ट्यूटर_मडगाव

दादा, रागावायचं काय त्यात, तुमच्यासारखे निम्मे नातेवाईक हेच विचारतात आणि खरं सांगायचं तर काही स्टाफसुद्धा.

डेंग्यूत धोक्याचा काळ ताप असताना नसतो, तो उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा रक्तवाहिन्यांच्या बारीक भिंतींतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, पोटात, छातीत. लाल पेशी आतच राहतात आणि पाणी बाहेर जातं, म्हणून रक्त घट्ट होतं आणि हिमॅटोक्रिट वर चढतं. ४१ चं ५० म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ, ही खूण मोठी आहे. प्लेटलेट कमी होतात ते खरं, पण रक्तस्राव नसेल तर आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवत नाहीत. तुमच्या भावाचे डॉक्टर शांत होते ते म्हणूनच, त्याचं बीपी, लघवी आणि हिमॅटोक्रिट ठीक असणार. पपईचा रस प्यायल्याने हे झिरपणं थांबत नाही. घरी लक्षात ठेवायचं ते हे, की ताप उतरल्यावर पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगात अजिबात त्राण नसणं किंवा उलट चुळबुळ, हातपाय गार आणि लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घ्यायची नाही.

आता सिस्टर, तुमच्या केसमध्ये मला एक वेगळीच गोष्ट इंटरेस्टिंग वाटली. तुमचे आकडे मी न्यूज स्कोअरमध्ये घालून बघितले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये हा काढला आणि २०१७ मध्ये सुधारला, श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. संध्याकाळी तुमच्या पेशंटचा स्कोअर १ येतो, फक्त पल्सचा. रात्री दीडला श्वासाचे २, बीपीचे २, पल्सचे २, म्हणजे ६. पाच किंवा जास्त आले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि निदान दर तासाला निरीक्षण करायचं, सात किंवा जास्त आले की इमर्जन्सी. म्हणजे मुलाला बघितलंच नाही, नुसते आकडे मांडले तरी 'सकाळी बघू' हे उत्तर बसत नाही.

पण गंमत बघा, ह्या स्कोअरमध्ये खालचं बीपी विचारातच घेत नाहीत. ८२ चा आकडा त्याला दिसत नाही. गार हात दिसत नाहीत, चादर ओढणं दिसत नाही, आणि आठ वाजल्यापासून लघवी नाही हे तर तुम्ही आईला विचारलं म्हणून कळलं. मुलींना हे दाखवा. स्कोअर काढायला शिकवा, पण तो काढून झाल्यावर परत बेडकडे जाऊन हात धरायला लावा. कॉलेजात आम्ही क्लिनिकल जजमेंट म्हणून तासभर बडबडतो, ते तुम्ही अडीच मिनिटांत केलंत.

आणि त्या 'ऑब्झर्व्ह लिहून गप्प बसले असते' म्हणणाऱ्या मुलीला सांगा की ते लिहिल्याने ती सुटत नाही. रजिस्ट्रेशन तिच्या नावाचं आहे, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत व्यावसायिक जबाबदारी आणि उत्तरदायित्व हा वेगळा भागच आहे. नुसतं 'डॉक्टरांना कळवले' एवढं लिहिलेल्या नोट्सचा चौकशीत काही उपयोग होत नाही. कोणत्या डॉक्टरांना, कितीला, काय कळवलं, काय उत्तर आलं, त्यानंतर तू काय केलंस. चूक झाली तर व्हाइटनर नाही, एक रेघ आणि सही. आणि जे त्या वेळी लिहायचं राहिलं ते नंतर लिहायचं असेल तर नंतर लिहिलं म्हणून वेळ टाकून लिहायचं, मागच्या ओळीत कोंबायचं नाही.

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

मी स्वतः आरएमओ आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात. शिव्या पडणार माहीत आहे तरी लिहितो.

आधी हे मान्य की त्या रात्री त्यांनी वॉर्डात जाऊन बघायला हवं होतं, दुसऱ्या कॉलनंतर तर नक्कीच. हिमॅटोक्रिट ५० ऐकून 'सकाळी' म्हणणं याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण आमच्या बाजूने फोन कसा ऐकू येतो तेही बघा. कॅज्युअल्टीत एक ॲक्सिडेंट, एक छातीत दुखणारा, चतुर्थीचे दिवस म्हणजे दारू पिऊन पडलेले दोन, आणि दर दहा मिनिटांनी कुठल्यातरी वॉर्डातून कॉल. बऱ्याच सिस्टर आकडे सांगतात आणि थांबतात. बीपी इतकं, पल्स इतकी, आणि मग शांतता. पलीकडचा दमलेला माणूस त्या शांततेत आपल्याला सोयीचं ते ऐकतो. मी माझ्या वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेवलंय की शेवटी मला काय करायला हवंय ते तुम्ही सांगा. लाजू नका. "सर, बेड ७, डेंग्यू, पाचवा दिवस, ताप संध्याकाळी उतरला. आता अस्वस्थ आहे, हात गार, बीपी १००/८२, फरक १८, पल्स ११२, साडेपाच तास लघवी नाही. मला वाटतं हा शॉकमध्ये चाललाय. तुम्ही आत्ता येऊन बघा, येता येत नसेल तर मी मोठ्या सरांना कळवते." अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. ह्याला 'येऊन बघा' शेवटी आलं की उत्तर द्यावंच लागतं, हो किंवा नाही, आणि नाही म्हणणं कोणालाही जड जातं कारण ते नोट्समध्ये जाणार.

ह्या पद्धतीला एसबीएआर म्हणतात, परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं मत आणि तुमची मागणी. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून ही हॉस्पिटलात आली. पाणबुडीत वरिष्ठाला आकडे सांगून थांबलं तर सगळे बुडणार. दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर वर जायचं हा नियमपण विमानवाल्यांकडून घेतलेला आहे. त्यामुळे सिस्टर, तुम्ही केलं ते काही बंड वगैरे नव्हतं, जगभर हेच शिकवतात. खुलाशात हे लिहू नका मात्र, इन्चार्जना वाटेल तुम्ही त्यांना लेक्चर देताय.

---

आयसीयूतला_ब्रदर

मॅट्रन मॅडम, फुल ओपनचं मागे घेतो, वॉर्ड आणि आयसीयू वेगळं हे बरोबर. पण मग ऑर्डर येईपर्यंत सिस्टरने हातावर हात धरून बसायचं का?

आणि ह्या सगळ्यात कोणी स्टाफचा आकडा का काढत नाही? एसआययूचा (केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा) जुना निकष सुद्धा जनरल वॉर्डात सहा खाटांमागे एक सिस्टर सांगतो. चतुर्थीच्या आठवड्यात कुठल्या वॉर्डात आहे ते मला दाखवा. तिथे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा तीस दिवसांतला मृत्यूचा धोका सात टक्क्यांनी वाढतो असं निघालं. आपल्याकडे पेशंट वाढतात, नर्स गावी जाते, आणि वर मेमो.

---

फोंड्याची_मॅट्रन

हातावर हात कशाला? ऑर्डर नसताना करण्यासारखं नर्सकडे भरपूर असतं. पेशंटला पलंगावरून उठू न देणं, दुसरी जाड लाइन घालून ठेवणं, दर पंधरा मिनिटांनी बीपी-पल्स, लघवी मोजायला भांडं, इमर्जन्सी ट्रॉली बेडजवळ, हिमॅटोक्रिटचं सॅम्पल तयार, आणि एका मुलीला त्याच्या बाजूलाच बसवायचं. दुसऱ्या मुलीला बाकी वॉर्ड. हे वाटून देणं म्हणजेच त्या रात्रीचं लीडरशिप, त्यासाठी कॅप आणि बिल्ला लागत नाही. आणि कायमचा उपाय म्हणजे स्टँडिंग ऑर्डर. कन्सल्टंटची सही असलेला एक कागद वॉर्डात असावा, की डेंग्यूच्या पेशंटमध्ये हे-हे दिसलं तर नर्सने फोन करता करता हे फ्लुइड ह्या वेगाने सुरू करावं. मग कोणाचा जीव टांगणीला लागत नाही, ना पेशंटचा ना सिस्टरचा.

स्टाफच्या बाबतीत बोलशील ते थोडंच. पण एक सांगते, रजेचा गोंधळ इन्चार्जने जुलैत सोडवायचा असतो, चतुर्थी काही अचानक येत नाही. आमच्याकडे ख्रिश्चन मुली चतुर्थीला ड्युटी ओढायच्या आणि नाताळला हिंदू मुली, कोणी वरून सांगायला लागायचं नाही, फक्त वही आधी उघडायला लागायची. तरी मी सगळ्यात ज्युनिअर दोघी एका नाईटला कधी टाकल्या नाहीत.

आता बाय, तुझ्या त्या मुलींचं. खरं काम ते आहे, खुलासा काय दोन पानांत होईल. त्या मुलीने त्या रात्री दोन गोष्टी बघितल्या, एक मुलगा वाचलेला आणि एक ताई मेमो खाताना. ह्यातलं दुसरं जास्त लक्षात राहतं. हे पुसायचं काम खरं तर तुझ्या इन्चार्जचं होतं. माझ्या वॉर्डात मी एक रीत ठेवली होती, रात्री कोणी डॉक्टरला उठवलं आणि काही निघालं नाही, तरी सकाळच्या ओव्हरमध्ये सगळ्यांसमोर तिला आधी विचारायचं, तुला काय दिसलं म्हणून फोन केलास? आणि ती सांगेल ते नीट ऐकायचं. डॉक्टर कुरकुरले तर ते माझ्या टेबलावर, मुलीपर्यंत जायचं नाही. फुकटचे कॉल थोडे वाढले, पण मुली बोलायला लागल्या. ज्या वॉर्डात फुकटचा कॉल एकही होत नाही तिथे मला भीती वाटायची.

तुझी इन्चार्ज हे करणार नसेल तर तू कर. पुढच्या नाईटला त्या मुलीला घेऊन त्या रात्रीचा चार्ट उघड, संध्याकाळचे आकडे आणि रात्रीचे आकडे शेजारी ठेव आणि तिलाच विचार की तू असतीस तर कितव्या आकड्याला उठली असतीस. भाषण देऊ नकोस. आणि पुढच्या वेळी डॉक्टरला फोन तिला करायला लाव, तू बाजूला उभी राहा. पहिले दोन-तीन फोन थरथरतच जातात.

मुलाच्या आईशी तू बोललीस का गो? तिला वाटलं असेल ताप उतरला तो बरा झाला आणि मध्यरात्री अचानक ॲम्ब्युलन्स.

---

झोप_उडालेली_सिस्टर

बोलले मॅडम. फ्लुइड चालू झाल्यावर पाच मिनिटं बाजूला बसले आणि कोकणीत समजावलं, की ताप देंवलो तरी आतून पाणी सुटतंय म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेतोय. ती रडायला लागली, मग म्हणाली "मी म्हणत होते त्याला, हात थंड कशे लागतात म्हणून, पण कोणाक सांगू कळना." म्हणजे माझ्या आधी तिला कळलं होतं. तेव्हापासून मी ओव्हर घेताना प्रत्येक बेडच्या नातेवाईकाला विचारते, तुम्हाला आज काही वेगळं वाटतंय का. अर्धे म्हणतात जेवण गार आलं 😀 पण विचारते.

खुलासा दिला काल. मॅडमनी सांगितलं तसाच, दीड पान, फक्त वेळा आणि आकडे, शेवटी लेखी पद्धतीची मागणी. डॉक्टर साहेब, तुमचं पाणबुडीचं लिहिलं नाही, पण पुढच्या फोनला मागणी शेवटी नक्की करणार. इन्चार्जनी वाचला, काही बोलल्या नाहीत, 'ठेव तिथे' म्हणाल्या. आज सकाळी मोठ्या सरांनी राऊंडला मला थांबवून विचारलं की तुम्हाला वॉर्डात डेंग्यूची स्टँडिंग ऑर्डर हवी असं लिहिलंय का, मी हो म्हटलं, तर म्हणाले मसुदा करून आण. मेमोचं काय झालं ते विचारायची हिंमत झाली नाही.

त्या मुलीने परवा स्वतःहून रात्री अकराला मला उठवलं, एका आजोबांची शुगर ५८. टी ब्रेकमध्ये मी पेपर भरत बसले होते. साखर दिली, डॉक्टरांना फोन तिनेच केला.

आता मसुदा कसा करायचा ते कोणी सांगेल का? फ्लुइडचा वेग, कितव्या आकड्याला फोन, सगळं मीच लिहू की जागा रिकामी ठेवू?

---

नर्सिंग_ट्यूटर_मडगाव

निरीक्षणाचा भाग तुम्ही लिहा, किती वेळाने काय बघायचं, कुठल्या आकड्याला कोणाला आणि किती मिनिटांत कळवायचं, दुसरा माणूस कोण, तिसरा कोण. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, रात्री दोन पानं कोणी वाचत नाही. लहान मुलं, गरोदर बायका, हार्ट आणि किडनीचे पेशंट वेगळे काढा, त्यांना हे लागू नाही असं ठळक लिहा.

---

फोंड्याची_मॅट्रन

फ्लुइडच्या जागा रिकाम्याच ठेव, ते सरांच्या अक्षरात येऊ दे. सही, शिक्का, तारीख आणि कधी परत बघायचं ती तारीख, चारही आल्याशिवाय भिंतीवर चिकटवू नकोस. आणि तो कागद आधी इन्चार्जच्या हातात दे, सरांकडे तिलाच नेऊ दे.